आणि घेणारही नाहीत

"आधी अंधार पाहू द्या."

वायरिंगच्या कामाला बोलावलेल्या घरात पाऊल टाकलं की ते हेच म्हणायचे. पिशवी दाराशी ठेवायचे, चपला काढायचे, टोपी मांडीवर घ्यायचे आणि खोलीच्या मधोमध फतकल मारून बसायचे. टेस्टर नाही, टेप नाही, मोजमाप नाही. घरातली पोरं दारात जमून खिदळायची, घरमालक घड्याळ पाहायचा. पाच-सात मिनिटांनी डोळे खोलीला सरावले की ते उठायचे आणि एका भिंतीवर थाप मारायचे. "इथं तुमाले बल्ब नाई पाह्यजे. इथं चार इटा काढा. झरोका पाह्यजे."

तुम्हीच सांगा, स्वतःचं काम कमी करणारा कारागीर तुम्ही किती पाहिलेत?

राळेगावात सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

तरुणपणी ते यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारींत तांब्याची तार भरायला होते. तिथे दिवसभर जळणाऱ्या दिव्यांखाली बसून त्यांना विजेचा कंटाळा आला, असं ते सांगत. मला ते खरं वाटत नसे. त्यांना विजेचा कंटाळा नव्हता, उधळपट्टीचा होता. गावी परतले आणि सायकलला पिशवी अडकवून वायरिंगची कामं करू लागले. तालुक्याच्या टोकाला, वर्धा नदीच्या अंगाला असलेल्या गावांपर्यंत त्यांची सायकल जायची.

एका पाटलांच्या घरी मी त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं. नवं घर होतं.

"चाचा, बारा पॉइंट काढा," पाटील म्हणाले. "आमच्या सोयऱ्याच्या घरी चवदा हायेत."

"सोयऱ्याच्या घरी मानसं किती?"

"पाच."

"अन तुमच्या?"

"तीन."

"मंग तीन मानसं बारा बल्बाखाली बसून काय एकमेकाईले शोधता?"

पाटलीणबाई आत फसकन हसल्या आणि त्या हसण्यावर काम सात पॉइंटांत आटपलं.

दोन खोल्यांना एक बल्ब ही त्यांची खास कारागिरी. मधल्या भिंतीत विटा काढून ते कोनाडा आरपार करायचे, दोन्हीकडून काच बसवायचे आणि आत एकच बल्ब लावायचे. एका घरात यावरून सासू-सुनेत जुंपली. बटण सासूच्या खोलीत की स्वयंपाकघरात? चाचा शिडीवर उभे राहून दोघींचं ऐकत होते. "ज्याचं काम जास्त, त्याच्याकडं बटन," असं म्हणून त्यांनी तारेची पट्टी स्वयंपाकघराकडे वळवली. सासूनं त्यांना त्या दिवशी चहा दिला नाही.

उन्हाळ्यात लोकांना कूलर हवा असायचा. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी टिनाखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. एका घरी जावई यायचे होते. चाचांनी कूलरसाठी पॉइंट काढण्याआधी घरच्यांना शेताच्या धुऱ्यावरची पऱ्हाटी आणायला लावली. कपाशीची ती वाळकी झाडं टिनावर आडवी-उभी पसरली, तारेनं बांधली, संध्याकाळी वरून पाणी मारलं. खोली खरंच निवली. जावई गाढ झोपले. पण सकाळी उरलीसुरली बोंडं खायला दोन बकऱ्या टिनावर चढल्या आणि जावई अंथरुणातून ओरडत अंगणात आले.

"काय चाचा हे!" सासऱ्यांनी तक्रार केली.

"कूलरले बी आवाज येतेच ना, बाप्पा," चाचा म्हणाले.

मी पत्रकांत वाढलो. आमच्या घरी पाहुण्यांपेक्षा गठ्ठे जास्त येत. वडील ते वाटायला नेत, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षर गिरवलं. त्यामुळे कॉलेज संपता संपता यवतमाळात आम्ही आठ-दहा जणांनी मंडळ काढलं, तेव्हा पत्रकं लिहिण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्यात गाड्या भरभरून पाहुणे येत, माना हलवून जात. गावांत तासन्‌तास वीज नसे, आणि शहरांत दुकानांच्या काचा एसीनं गारठून घाम धरत. आम्ही चिडलेले होतो, आणि चिडण्यासारखंच होतं. मंडळानं मोहीम ठरवली: घरात वीज कमी, रस्त्यावर पेट्रोल कमी. जमेल तिथे पायी, सायकलनं, एसटीनं. प्रत्येकानं आपल्यापासून सुरुवात करायची. ते सगळं मला तेव्हा पटत होतं, आजही पटतं. चूक त्या विचारात नव्हती.

पण सुरुवात कोणापासून झाली, पाहा. गारठलेल्या काचांच्या दारात मी एकही पत्रक टाकलं नाही. मी राळेगावला गेलो, चाचांकडे.

एक पूर्ण दिवस मी त्यांच्यासोबत सायकल चालवली. मार्च होता, पळस फुलला होता. नदीकडच्या तीन गावांत कामं होती. चढ आला की चाचा उतरून सायकल हातानं ढकलत, उतारावर पायडल सोडून देत. एका चढावर ते बाभळीखाली बराच वेळ थांबले.

"गुडघे आता माहं ऐकून नाई राह्यले, बाबू."

"तुम्ही माझ्यापुढे चालवता की चाचा!"

"ते तर तू शहराचा हायेस म्हून."

मी हसलो. वही माझ्या खिशात होती. गुडघ्यांबद्दल मी तिच्यात एक अक्षर लिहिलं नाही. ते माझ्या कामाचं नव्हतं.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही कधी मोटारसायकल, मोपेड घेतली नाही? ते म्हणाले, "आजवर तर नाई घेतली." एवढंच.

पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. चाचांचं नाव, गाव, फोटो, झरोका, पऱ्हाटी, दोन खोल्यांना एक बल्ब. शेवटी लिहिलं, 'यांनी आजवर यंत्रावर चालणारी गाडी घेतली नाही.' वाचून पाहिलं. शेवट बसका वाटला. पत्रकाचा शेवट कसा हवा? वाचणाऱ्यानं मूठ आवळली पाहिजे. मी स्वल्पविराम दिला आणि पुढे तीन शब्द घातले: 'आणि घेणारही नाहीत.'

पत्रक गाजलं. बाजाराच्या दिवशी भोंग्यावरून वाचलं गेलं, पानठेल्यांवर चिकटवलं गेलं. शाळेच्या हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. मला आयुष्यात पहिल्यांदा शाबासकीची पत्रं आली.

पंधरा दिवसांनी चाचा एसटीनं यवतमाळला आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे एका मित्राच्या दुकानामागची खोली. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं पत्रक काढलं, टेबलावर उलगडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबू, हे मी नाई बोललो."

"चाचा, अर्थ तोच आहे."

"नाई ना. घेतली नाई, हे झालेलं हाय. घेनार नाई, हे कोनाले मालूम?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पुतण्याचं स्टँडजवळ गॅरेज होतं. त्यानं चाचांसाठी एक जुनी मोपेड उभी केली होती. शाळेच्या मैदानावर त्यांनी ती दोनदा चालवूनही पाहिली होती. "डॉक्टर म्हंते सायकल बंद करा. नदीकडची कामं कशी करू मंग? एसटी फाट्यावर सोडते. तिथून पुढं तास-दीड तास पायी." त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं. "दुसरा कागद काढता येते काय? लहानसा. चाचाचं चुकीचं छापलं गेलं, एवढंच लिवा."

आणि मी भाषण केलं. आज ते आठवलं की कान तापतात. मी म्हणालो, चाचा, तुम्ही आता एकटे नाही राहिलात. एवढ्या मोठ्या उधळपट्टीविरुद्ध बोट दाखवायला आमच्याकडे एक माणूस आहे, आणि तोच मागे फिरला तर लोक हसतील. एका मोपेडसाठी? आम्ही सगळे खोटे पडू.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

"तुमी नाई पडनार, बाबू. मी पडन. कागदावर नाव माहं हाय." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "मानसं माहं काहून ऐकतात, सांगू? मी म्हनलं इथं तार नाई पाह्यजे, तर मी माह्या घरीबी तिथं तार नाई लावत. एवढीच पुंजी हाय. ते गेलं तर कोन ऐकन?"

"तेच तर म्हणतोय मी," मी म्हणालो. मला वाटलं, मी त्यांना पटवलं.

त्यांनी चहा संपवला. दोन्ही हात टेबलावर रेटून उभे राहिले. दाराशी गेल्यावर भिंतीकडे वळले आणि आमची ट्यूबलाइट बंद केली. दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं.

"उजेड हाय ना," म्हणाले आणि गेले.

पुढच्या बैठकीत मी हा ट्यूबलाइटचा किस्सा रंगवून सांगितला. टाळ्या पडल्या. ते कशासाठी आले होते, ते मी सांगितलं नाही.

मोपेड महिनाभर गॅरेजात उभी राहिली आणि मग एका दूधवाल्यानं नेली, हे मला पुढे पुतण्याकडून कळलं. चाचा सायकलच चालवत राहिले. पत्रक आठवून पानठेल्यावरून लोक प्रेमानंच ओरडायचे, "चाचा, पर्च्यातले मानूस तुमी! मारा पायडल!" चाचा हात वर करायचे.

पहिल्यांदा सुटली ती नदीकाठची गावं. मग चढापलीकडची. दोन वर्षांत त्यांचं काम राळेगावच्या वेशीच्या आत आलं. बाहेरच्या गावांत गाड्या असलेले दुसरे वायरमन जाऊ लागले. ती वाईट माणसं नव्हती. बारा पॉइंट मागितले तर बारा काढून देत. अंधार पाहत बसायला कोणाला वेळ होता?

दरम्यान मला यवतमाळच्या एका दैनिकात नोकरी लागली. मंडळ विरळ होत गेलं. बातमीसाठी जिल्हाभर फिरावं लागायचं, म्हणून मी मोटारसायकल घेतली. कारण खरं होतं, गरजही खरी होती. घेतली त्या दिवशी मला कोणीच काही विचारलं नाही. माझ्याबद्दल कुठे काही छापलेलं नव्हतं.

त्या हंगामात कापसाचा भाव एवढा पडला की लोकांनी कापूस विकलाच नाही, घरातच भरून ठेवला. माणसं ओसरीत झोपत आणि खोल्या आढ्यापर्यंत पांढऱ्या. त्याच बातमीसाठी मी राळेगावला गेलो होतो. स्टँडवर वळलो तर बाकावर चाचा दिसले. हातात काठी, मांडीवर पिशवी. मी गाडी तशीच पुढे नेली, कँटीनच्या मागे लावली आणि चालत आलो.

"आलास? गाडी कुठं लावली?"

"कोणती गाडी, चाचा?"

"बाबू, चावी बोटात फिरून राह्यली तुह्या."

मी चावी खिशात टाकली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नदीकडच्या एका घरून त्यांना सांगावा आला होता. त्या घराचं वायरिंग त्यांनीच केलेलं. कापूस भरायच्या खोलीत त्यांनी मुद्दाम तार नेली नव्हती. कापूस आणि ठिणगी यांची गाठ नको, हा त्यांचा नियमच होता. आता नव्या वायरमननं त्याच खोलीच्या आढ्याला होल्डर टांगला होता. बल्ब लावला की तो चुरचुर वाजायचा.

"वर्साचा कापूस हाय तिथं, अन बाजूच्या खोलीत लेकरं झोपतात," चाचा म्हणाले. दोन एसट्या त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या. फाट्यापर्यंत त्या नेणार, हे त्यांना माहीत होतं. तिथून पुढे आपल्या पायांनी चालवणार नाही, हेही माहीत होतं.

"चला. मी नेतो."

ते लगेच उठले. गॅरेजातून पुतण्या धावत आला. मी गाडी तिरपी केली, पुतण्यानं काखेत हात घातला, पण चाचांचा उजवा पाय सीटच्या उंचीपर्यंत येईना. गुडघा वाकतच नव्हता. मग एका बाजूनं बसवून पाहिलं. पाय काठीसारखा सरळ रस्त्यावर पुढे आला.

"असा गेलो तर समोरून येनाऱ्या हरेक एसटीले सलाम करत जाईन," चाचा म्हणाले. जमलेली माणसं हसली. तेही हसले. मग पुतण्यानं पाय थोडा आत दाबला आणि त्यांच्या तोंडून कळवळून आवाज निघाला. आम्ही त्यांना खाली उतरवलं.

"मोपेडवर पाय वर उचलावा नाई लागत," पुतण्या बोलून गेला. मग माझ्याकडे पाहून गॅरेजकडे वळला.

चाचांनी पिशवीतून टेस्टर, पक्कड आणि टेप काढून माझ्या हातात दिली. "तू जा. आधी मेन बंद. मंग होल्डर सोडव, तारीच्या तोंडाले टेप मार. मी इथंच बसतो."

अर्ध्या तासात मी तिथे पोचलो. इतकंच होतं ते अंतर.

घरात एक बाई होत्या, कडेवर मूल. खोलीचं दार उघडून त्यांनी कापूस दाखवला. वर पिवळा बल्ब दिवसाढवळ्या जळत होता.

"चाचांनी पाठवलंय. हा होल्डर काढायचा आहे."

"मंग ते काहून नाई आले?"

"गुडघ्यांनी चालवत नाही त्यांना."

"गाडी घ्यायले काय झालतं त्याईले? सारी दुनिया घेऊन राह्यली."

मला तिथे काहीही सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. "ते गाडी कधी घेणार नाहीत, असं मी छापलं होतं."

"त्याईनं सांगतलं होतं?"

"नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मानसाले न पुसता त्याच्या नावानं असं लिवता, अन आता तुमच्या हातानं माह्या कापसावरची तार काढू देऊ? तुमी वायरमन हा काय?"

"नाही."

"मंग राहू द्या. चाचाच्या घरचं कोनी येईन तवा काढू."

त्यांचं चूक नव्हतं. मी अवजारं घेऊन परत फिरलो.

चाचा त्याच बाकावर होते. मला पाहून काठीवर जोर देऊन उभे राहू लागले.

"काढला?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असतं, तर ते पुढच्या एसटीनं फाट्यावर उतरले असते आणि त्या पायानं निघाले असते. मला त्यात शंका नव्हती.

"काढला, चाचा."

"टेप मारली?"

"मारली."

"झालं मंग," ते म्हणाले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला खाली पाहावं लागलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सांगितलेलं खरं असतं, असंच ते धरून चालत. मी त्यांना घरापर्यंत सोडायला निघालो; गाडी बंद करून हातानं ढकलत त्यांच्या बाजूनं चालत गेलो. नेहमीचं पाच मिनिटांचं अंतर, पण आम्हाला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुतण्याला गाडीवर बसवून त्या गावी नेलं. पुतण्याला पाहून बाईंनी मेन बंद केला. दहा मिनिटांत होल्डर खाली आला. त्याच्या आतली पितळी पट्टी काळी पडली होती.

येताना फाट्याजवळ पुतण्यानं मागून विचारलं, "चाचाले सांगू काय, आज काढलं म्हून?"

"नको."

 माझं एका दिवसाचं खोटं मी धावत जाऊन खरं केलं. त्यांनी माझं खोटं दोन वर्षं गुडघ्यांवर पेललं होतं. हे मला तेव्हा, त्या फाट्यावर कळलं. पण त्यांच्यासमोर जाऊन ते कबूल करायला मी आज-उद्या करत राहिलो.

पावसाळा सुरू झाला आणि त्यांची मुलगी त्यांना दिग्रसला न्यायला आली. मला पुतण्यानं निरोप दिला म्हणून मी स्टँडवर पोचलो, तेव्हा दिग्रसच्या वाटेवरची यवतमाळची एसटी लागलेली होती आणि चाचा पायरीवर होते. वरून कंडक्टरनं काखेत धरलं होतं, खालून पुतण्या रेटत होता. मागे लोकांची रांग. पाठमोरे होते, मी आलोय हे त्यांना दिसलं नाही. मी हाक मारली, पण इंजिन सुरू होतं. आधी पिशवी आत गेली, मग काठी, मग ते स्वतः. उजवा पाय मात्र दारातून बाहेरच राहिला, सरळच्या सरळ. कंडक्टरनं वाकून तो दोन्ही हातांनी उचलला, हळूच आत घेतला आणि दार लावलं.